चारीवरचा चढ आणि बुटकी गाडी

आबा, तुमच्या नातवानं गाडी बुटकी करून घेतली. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग टोपी मागं सारून गाडीखाली वाकून बघितलं असतं. ट्रकची बुडं उंच करण्यात तुमचा जन्म गेला, आणि ह्यानं चांगली उभी असलेली गाडी दोन बोटं जमिनीकडं आणली. बरेच दिवस हे तुम्हाला सांगावंसं वाटत होतं. ऐकायला दुसरं कुणी नाही असं नाही. पण ज्यांना गाडीतलं कळतं त्यांना मी कळत नाही, आणि ज्यांना मी कळते ते गाडीचा विषय काढला की जांभई देतात.

इंदापूरला हायवेच्या कडेला तुमचं ट्रकचा भार झेलणाऱ्या कमानपाट्यांचं दुकान होतं, तिथं आता एक टायरवाला बसतो. रस्ता रुंद झाला तेव्हा लिंब गेला. लिंबाखालची ऐरण त्याआधीच भंगारात गेली होती. माझ्या लेखी मात्र तो भाता अजून चालू आहे. तुम्ही लाल झालेला पाटा सांडशीत धरून ऐरणीवर ठेवलाय, त्याला बाक देताय, आणि मी शाळेतून येऊन सुट्या भागांच्या रिकाम्या खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं लावत बसलेय. शाळा सातवीला सुटली, खोकी त्यानंतरही वाचत राहिले. पुढचं आणि मागचं, डावं आणि उजवं हे शब्द मला इंग्रजीत आधी आले ते खोक्यांमुळं.

एक दिवस नीट आठवतो. उसाचा हंगाम तोंडावर आलेला. एका ट्रकला तुम्ही मागच्या दोन्ही कमानींत एकेक पाटा वाढवलाय. ट्रक बाहेर काढून उभा केला तर त्याचं बूड असं वर आलेलं की मला हसू फुटलं. मी म्हणाले, "आबा, ह्यो तर तोंडावर पडंल." ड्रायव्हर हसला. तुम्ही हसला नाहीत. हातोडा खाली ठेवून म्हणालात, "रिकाम्या गाडीकडं बघून बोलू न्हाय. भरल्यावर बघायची, आन् मग तोंड उघडायचं." चार लोकांसमोर बोललात म्हणून मला राग आला. दुसऱ्या दिवशी तोच ट्रक ऊस भरून कारखान्याकडं निघाला आणि दुकानापुढं थांबला, तेव्हा तुम्ही मला दंडाला धरून बाहेर आणलंत. ट्रक बैठकीतल्या माणसासारखा सरळ बसला होता. ड्रायव्हर रस्त्याच्या नावानं बोटं मोडत होता, खड्ड्यांनी पाटे तुटतात म्हणत होता. त्याला तुम्ही म्हणालात, "गाडी रस्त्यापरमानं करायची आसती. रस्ता काय गाडीपरमानं व्हत न्हाय." ते वाक्य तुम्ही नंतर इतक्या जणांना ऐकवलंत की आई भाकरी थापताना तुमची नक्कल करायची.

तुमचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. आपण टेम्पो घेतला तेव्हा त्यालाही तुम्ही एक पाटा जास्तीचा टाकलात. कशाला टाकलात? त्यात भरायचं काय होतं? आई, मी आणि पळसदेवला मामाकडं न्यायची चार भांडी. रिकामा टेम्पो दगडासारखा आदळायचा. आई कमरेला हात लावून बसायची आणि पळसदेवच्या अलीकडं कुठं तरी एकदा ठणकावून म्हणाली, "माणसं बसल्यात हितं, ऊस न्हाय." तुम्ही खूप हसलात. पाटा मात्र काढला नाहीत. पळसदेवला पोचल्यावर धरणाच्या पाण्याच्या कडेला आई किती तरी वेळ उभीच राहिली, बसायची तिला भीती वाटत होती. तुम्हाला वजन कळायचं, आबा. वजन नसलं की काय करायचं ते तुम्हाला तितकं कळायचं नाही.

माझ्या लग्नात तुम्ही दुकानातल्या एका जुन्या पाट्याची विळी करून दिलीत. लोणी भापकरला सासरी आले तेव्हा बायका भांडी बघत होत्या आणि सासूबाई विळी बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्येला धार लावायची तरी कुणी?" आजवर फार वेळा लावावी लागली नाही. तुम्ही तिला पाणी चांगलं दिलं होतं. सकाळी मी त्याच विळीवर मेथी चिरली.

आता गाडीचं सांगते. ही गाडी ह्यांनी घेतली तेव्हा मुलगा कॉलेजात होता. लहान गाडी, चार दरवाजे, रंग चंदेरी. ह्यांना वेगाची हौस नव्हती. बारामतीच्या मार्केट यार्डात माल लावला की परत येताना हे वाचनालयाच्या दारात थांबायचे आणि माझ्यासाठी पुस्तकं आणायचे. स्वतः कधी पान उलटलं नाही. तिथल्या बाईंना विचारायचे, "जाड हाय का? तिला जाड लागतं." डिकीत कोथिंबिरीच्या उरलेल्या जुड्या आणि त्यांच्याशेजारी पुस्तकं. माझ्या कितीतरी कादंबऱ्यांना कोथिंबिरीचा वास होता.

हे गेले त्याला तीन पावसाळे झाले. दुपारी जेवून उठले आणि छातीवर हात ठेवून ओट्यावर बसले. मुलगा घरी होता. मागच्या सीटवर ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर आणि मुलगा गाडी चालवतोय. आमच्या वस्तीपासून बारामतीपर्यंत किती गतिरोधक आहेत हे त्या दिवशी कळलं. गाडी प्रत्येक गतिरोधकावर एकदा उडायची आणि मग विनाकारण आणखी दोन-तीन हेलकावे खायची. हे म्हणाले, "लई उडतीया रं गाडी." तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं. दवाखान्यात पोचल्यावर पाणी मागितलं, त्यापलीकडं काही बोलले नाहीत, आणि तिथून परत आले नाहीत. डॉक्टरांनी नंतर आम्हाला बसवून समजावलं की गाडी उडाल्यामुळं काही झालेलं नाही, दुखणं आधीच पुढं गेलं होतं. मला ते पटलं. मुलालाही पटलं असेल. पण पटणं वेगळं आणि त्या स्टिअरिंगमागं परत बसणं वेगळं.

त्यानंतर गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मुलगा बारामतीला एमआयडीसीत कामाला आहे, खोली घेऊन राहतो. शनिवारी संध्याकाळी यायचा तो कधी मित्राच्या मोटारसायकलवर, कधी एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढं चालत. एकदा जेवता जेवता म्हणाला, "आई, एक तर ही गाडी विकू, नाहीतर हिचं खालचं सगळं बदलून घेऊ. आहे तशी मला चालवता येत नाही." विकली असती तर त्याचं शनिवारचं येणं एसटीवर गेलं असतं, आणि एसटीवर गेलेलं येणं हळूहळू सणावर जातं. वस्तीवरच्या दोन-तीन घरांत मी ते बघितलंय. मी म्हणाले, बदलू.

गाडी बारामतीला नेली तेव्हा गॅरेजवाल्यानं तिच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली. तो म्हणाला, "काकू, शॉकअप पार संपल्यात. ही गाडी न्हाय, पाळणा झालाय. तेल बघा कसं गळलंय. ह्ये काय आजचं न्हाय, लई दिसाचं हाय." मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा राहिला. कॅलेंडरवर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग तो म्हणाला, "चारही बदलायचेच आहेत तर खाली बसवणारा संच टाकू. शॉकअप पण आणि स्प्रिंगा पण."

"खाली बसवणारा म्हणजे?"

"म्हणजे गाडी जमिनीजवळ येते. वळणावर झुलत नाही. गतिरोधकावर एकदाच आदळते, मग गप."

"एकदाच?"

"एकदाच, आई."

गॅरेजवाला मध्ये पडला. "पोरगं शौकीन हाय, काकू. पर तुमची वस्ती कुटं? रस्ता कसा हाय?" हा प्रश्न तुमचा होता, आबा. मी एकदम सावध झाले. आमच्या वस्तीच्या वाटेवर पाण्याची चारी आडवी जाते. तिच्यावर नळे टाकून मुरूम चढवलाय, त्यामुळं तिथं उंटाच्या पाठीसारखा चढ झालाय. पुढची चाकं पलीकडं उतरलेली आणि मागची अलीकडं असली की गाडीचं पोट नेमकं त्या चढावर येतं. गाडी फार खाली बसली तर तिथून पुढं येणार नाही. म्हणजे गाडी ठेवावी तर बुटकी करायला हवी, आणि जास्त बुटकी केली तर ती घरी येणार नाही. निर्णय एवढाच होता, आणि तो माझ्यावर आला, कारण गाडी आता माझ्या नावावर आहे.

मी लगेच हो म्हणाले नाही. मुलगा मोबाइलवर इंग्रजीत वाचायचा, मी त्याच्याकडून ती पानं माझ्या मोबाइलवर मागवून घेतली आणि शब्दकोश शेजारी ठेवून दुपारच्या वेळी वाचत बसले. अर्धं कळलं नाही. जे कळलं ते तुमच्या दुकानामुळं कळलं. तुमच्या कमानीत पाटा पाट्यावर घासतो आणि त्या घासण्यातच धक्क्याचा बराच जोर मरतो. गुंडाळलेल्या स्प्रिंगेला घासायला काही नसतं, म्हणून ती एकदा दाबली की नाचत राहते. वजन उचलायचं काम स्प्रिंगचं, तिचं नाचणं थांबवायचं काम शॉकअपचं. एका प्रकारच्या स्प्रिंगेत वरचे वेढे जवळजवळ असतात आणि खालचे लांब लांब. थोडा भार आला की जवळचे वेढे आधी मिटतात, मग स्प्रिंग कडक होते. ते चित्र बघून मला तुमचा खालचा जाड पाटा आठवला, जो रिकाम्या ट्रकमध्ये नुसता लोंबत असायचा आणि ऊस भरला की कामाला लागायचा. एवढ्या लांबच्या लोकांनी शेवटी तेच केलं होतं.

मुलाचा एक मित्र सल्ला द्यायला घरी आला. म्हणाला, "काकी, संच-बिंच कशाला? आहे त्या स्प्रिंगेचे दोन वेढे कटरनं उडवायचे. अर्ध्या तासात गाडी खाली."

मी विचारलं, "कापलेलं टोक स्प्रिंगेखालच्या बशीत बसतं का नीट?"

"बसतं की. बसवायचं."

"आणि चाक खड्ड्यात लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग बशीतनं निसटली तर?"

तो मुलाकडं बघायला लागला. मुलगा म्हणाला, "चहा पी. तिचे वडील ह्यातलेच होते." तुमचा उल्लेख आमच्या घरात असा अधूनमधून होतो.

नुसत्या आखूड स्प्रिंगा घालून शॉकअप कंपनीचेच ठेवायचे, असाही एक मार्ग होता. तो गॅरेजवाल्यानंच खोडला. शॉकअपचा दांडा मग कायम अर्धा आत गेलेला राहतो, खालच्या रबरावर आपटतो आणि लवकर मरतो. म्हणजे वर्षभरात परत पाळणा. मुलाच्या मनात तिसराच संच होता, ज्यात चकती फिरवून गाडी हवी तेवढी वर-खाली करता येते. मला तो ऐकून बरा वाटला. म्हटलं, चारी आली की वर करायची, ओलांडली की खाली. गॅरेजवाला हसून हसून बसला. "काकू, ती काय छत्री हाय का? गाडी उचलायची, चाकं काढायची, मग फिरवायची. दर टायमाला अलाइनमेंट परत. आन् तुमच्या हितला मुरूम त्या आट्यात गेला की चकती फिरलीच म्हणा." राहिला एकच मार्ग, स्प्रिंगा आणि त्यांच्याच मापाचे शॉकअप असा जोडीचा संच. त्यात दोन प्रकार मिळत होते. एक गाडी साधारण दोन बोटं खाली आणणारा, दुसरा तीन बोटं. मुलाचा जीव तीन बोटांच्या संचावर होता.

मी म्हणाले, आधी भरून बघू.

तुम्ही मळलेल्या मातीचा गोळा ट्रकच्या ॲक्सलवर ठेवायचात. ट्रक भरायचा, एक फेरी मारून आणायचा आणि गोळा किती चेपला ते बघायचं. गोळा जेवढा उरला तेवढी जागा शिल्लक. मी बांधावरची काळी माती आणली, भाकरीच्या पिठासारखी मळली आणि उंच ढेकूळ करून चारीवरच्या चढाच्या मधोमध ठेवली. गाडीत मुलगा, शेजारी मी, आणि मागं गव्हाची पोती.

"मागं एवढं कोण बसणार आहे?" मुलगा पोतं ओढत म्हणाला.

"तुझी बायको बसेल. तिची आई बसेल."

"आई, अजून मुलगी बघितली नाही."

"म्हणून तर पोतं ठेवतेय."

पहिल्या खेपेला त्यानं चाकच ढेकळावरून नेलं. दुसऱ्या खेपेला गाडी बरोबर गेली. उतरून बघितलं, ढेकूळ वरून सपाट झालं होतं, पोळपाटावरच्या लाटीसारखं. मी त्याला बोटं लावली. चार बोटं उरली होती. मुलगा उकिडवा बसून म्हणाला, "म्हणजे तीन बोटं खाली केली तरी एक उरतं." मी म्हणाले, "तुझे आजोबा दोन ठेवायचे." तो म्हणाला, "आजोबा ट्रकचे होते." मी म्हणाले, "चारीला दोन्ही सारखेच." त्यानं मातीचं ढेकूळ उचलून चारीत टाकलं आणि दोन बोटांचा संच मागवायला हो म्हणाला. मला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही.

संच बसवला त्या दिवशी त्यानं मला गॅरेजमधूनच गाडीत घेतलं. बारामतीहून घरी येताना पहिला गतिरोधक आला. त्यानं गाडी हळू केली नाही, जराशीच केली. गाडी एकदा आदळली आणि गप झाली. टेम्पोसारखं दगडी आदळणं नव्हतं ते, आबा. दार नीट लागावं तसा आवाज. पुढं दुसरा, तिसरा. गावाजवळच्या शेवटच्या गतिरोधकानंतर त्यानं काचा खाली केल्या आणि म्हणाला, "बघितलंस?" मी मागच्या सीटकडं एकदा बघितलं आणि हो म्हणाले. चारीवरून गाडी अलगद आली. त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला, रविवारी संध्याकाळी गाडी धुऊन परत जायचा.

चूक माझी झाली ती इथं. मी ढेकूळ ठेवलं नवरात्राच्या सुमारास, वाट पावसानं बसलेली आणि वरून वाळलेली असताना. हंगामातल्या गाड्यांच्या दुकानात वाढलेल्या बाईला हंगाम आठवू नये? दिवाळी झाली, कारखाना सुरू झाला, आणि आमच्या मागच्या उसाला तोड आली. चुलत दिरांच्या, म्हणजे आमच्या तात्यांच्या ट्रॉल्या त्याच वाटेनं बाहेर पडायला लागल्या. भरलेल्या ट्रॉलीला लोक अजून एकेक पाटा वाढवून घेतात, तुमच्यानंतरही ते काम कुठं थांबलं नाही. चाकोऱ्या खोल गेल्या आणि मधला मुरूम वर राहिला. चढ होता तेवढाच होता, पण चाकं खाली गेली की पोट खाली जातं. माझी शिल्लक ठेवलेली दोन बोटं ट्रॉल्यांनी आठवड्यात खाल्ली.

त्या शनिवारी मी ओट्यावर होते. चारीवरून असा आवाज आला जसा कुणी तवा दगडावर ओढतंय. मी जाईपर्यंत मुलगा उतरून गाडीखाली वाकला होता. समोर तात्या ट्रॅक्टरवर. ते वरून म्हणाले, "पुतण्या, गाडी रांगाया लागली का रं? अजून पाय फुटलं न्हाईत वाटतं तिला."

मुलगा म्हणाला, "तुमच्या ट्रॉलीनं रस्ता खाल्ला, तात्या."

"रस्ता व्हय? मग आमी ऊस काय डोक्यावर न्यायचा? बाबानं चांगली उंच गाडी घिऊन दिली व्हती, तिचा गुडघा कापून ठिवला, आन् आता आमच्या ट्रॉलीला नाव." तात्यांच्या मनात वाईट नव्हतं. ते सगळ्यांशी असंच बोलतात, बैलांशी सुद्धा. पण मुलाचा चेहरा उतरला तो 'बाबानं' ह्या शब्दावर. गाडीखालचा तेलाचा चेंबर फुटला नव्हता, नुसता ओरखडा होता. त्यानं गाडी मागं घेतली, फाट्यावर चहाच्या टपरीपाशी लावली आणि चालत घरी आला. दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत चालतच गेला. पुढच्या शनिवारी फोन आला, "आई, ह्या वेळी जरा काम आहे." त्याच्या पुढच्या शनिवारीही काम होतं. मी दोन्ही वेळा बरं म्हणाले. मी एसटीचं आणि सणाचं वर लिहिलंय, ते मला तेव्हा परत आठवलं.

संच बदलता आला असता. गॅरेजवाला म्हणालाच होता की जुन्या स्प्रिंगा त्यानं मागं ठेवल्यात, परत टाकता येतील. तुमच्या म्हणण्याप्रमाणं तेच योग्य होतं, रस्ता असा आहे तर गाडी तशी करायची. मी त्याचा विचार केला. मग पहिल्या गतिरोधकानंतरचा गाडीचा तो गप्पपणा आठवला. मुलगा परत त्या पाळण्यात बसला नसता.

मी चढावर गेले. आडवा बांबू मधल्या मुरमावर टेकवला आणि चाकोरीच्या तळापर्यंत बोटं लावली. तीन भरली, शिल्लक होती दोन. चारीतलं पाणी बादलीनं आणून संध्याकाळी मुरूम भिजवून ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीनं सैल केला आणि फावड्यानं ओढून चाकोरीत भरला. पायानं चोपला. तात्यांची बायको ऊस बांधायच्या वाढ्याचा भारा घेऊन चालली होती, ती थांबली. "वहिनी, खजिना घावला का?" मी म्हणाले, "घावला तर निम्मा तुला." ती हसत गेली. मी परत बांबू लावला. पुरेसं होतं. मग फोन करून म्हणाले, "शनिवारी ये, शेंगोळी करते. आणि गाडी घरापर्यंत आण, वाट बरी झालीये."

तो आला. चारीपाशी गाडी मुंगीच्या चालीनं आणली, मान बाहेर काढून. आवाज झाला नाही. अंगणात उतरला आणि म्हणाला, "आई, घासली नाही. स्प्रिंगा बसल्या वाटतं आता." मी म्हणाले, "बसल्या असतील." स्प्रिंग बसली की गाडी आणखी खाली येते, वर जात नाही, एवढं तुमच्या पोरीला कळतं. त्यालाही कळत असणार, त्यानंच ते मला मोबाइलवर दाखवलं होतं. कणगीला टेकवलेलं फावडं ओलं होतं. त्यावरून त्याची नजर गेली आणि तो हात धुवायला मोरीकडं वळला. शेंगोळी दोनदा मागून घेतली.

तेव्हापासून ट्रॉल्या आठवडाभर चाकोऱ्या करतात आणि मी शनिवारी सकाळी त्या बुजवते. ह्यावरून मी कुणाशी बोलले नाही. मागच्या आठवड्यात तात्यांनी ट्रॅक्टर थांबवला, मला बघितलं, ट्रॉलीच्या मागून त्यांचं जड फावडं काढून माझ्यापाशी ठेवलं आणि गेले. हंगाम संपेपर्यंत चालेल हे. पुढच्या हंगामाचं पुढं बघू. रस्ता गाडीप्रमाणं होत नाही हे तुमचं म्हणणं आतापर्यंत मी कुणापुढंही मोडलं नव्हतं. ते आता दर शनिवारी मोडतेय. तुम्ही हे वाचणार नाही आणि मी हे कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिता आलं.

आणखी एक आहे. काल तो गाडी अंगणात लावून जरा आडवं व्हायला आत गेला तेव्हा अजून उजेड होता. मी विळी धुऊन बाहेर आले. गाडी रिकामी उभी होती. चाक आणि वरचा पत्रा ह्यांच्यातली आधीची मोठी फट आता गेलीये, आणि गाडी गोठ्यात पाय मुडपून बसलेल्या गाईसारखी दिसत होती. रिकाम्या गाडीकडं बघून बोलायचं नसतं, मला ठाऊक आहे. त्याला मी अजूनही म्हणते, कशाला ही उठाठेव केलीस. पण आबा, मला ती अशीच चांगली दिसते.